इअरफोन खराब झालाय की कान?

मिरज आपल्याजवळच. तिथल्या तंबोऱ्यांची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत गुंजारव, मला फार आवडतो. रोज सकाळी इस्लामपुरात फिरताना मी ख्याल ऐकायचो. गाड्यांचा आवाज कळावा म्हणून इअरफोन फक्त डाव्या कानात. दोन वर्षांत जवारी बोथट वाटू लागली. मी व्हॉल्यूम वाढवत गेलो आणि दोष इअरफोनला देत राहिलो.

एके दिवशी तोच इअरफोन उजव्या कानात घातला. जवारी लख्ख! ऑडिओमेट्री केली, तर ४००० हर्ट्झजवळ डावा कान उतरलेला.

मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या, बारीक स्वर टिपणाऱ्या पेशी आधी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. बदल सावकाश होतो, म्हणून लक्षात येत नाही.

तुम्हीही महिन्यातून एकदा तपासा. तेच गाणं, तोच मोबाईल, व्हॉल्यूमचा तोच आकडा. आधी इअरफोनची जाळी मऊ, कोरड्या ब्रशने पुसा. बऱ्याचदा तिथे मळ अडकलेला असतो. मग कान बदलून ऐका. मंदपणा इअरफोनबरोबर सरकला तर दोष इअरफोनचा. त्याच कानात राहिला तर कान दाखवा. कदाचित नुसता मळही असेल, पण काडी घालू नका.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल फक्त ४ तास.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. इअरफोन नवा मिळतो, कान नाही.