आप्पांचे कान आणि आमचा साउंड सिस्टिम

सुरतेच्या आठवणी निघाल्या की लोचो, घारी आणि तापीचे पूल येतातच. मी आज आवाजाबद्दल लिहितोय. आमच्या घरी गाणी ऐकायचा जो सिस्टिम आहे तो जवळजवळ तीस वर्षं थोडा थोडा करत उभा राहिला. त्यातला एकही टप्पा दुकानात जाऊन "हा पॅक करा" असं सांगून आलेला नाही. आणि तो का तसा वाढत गेला, हे आप्पांच्या कानांशिवाय सांगता येणार नाही.

आप्पा अमळनेरकडचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर जळगाव-उधना गाडीत बसले ते सुरतेलाच उतरले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरची गोष्ट हीच असेल. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, ही स्टेशनं आम्हा खानदेशी पोरांना पाढ्यासारखी पाठ. आप्पांना गाववाल्यांच्या ओळखीनं एका खात्यात काम मिळालं. खातं म्हणजे इथल्या भाषेत मागांची शेड. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. धोट्याचे माग. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, तिथं आदळतो, परत फेकला जातो, मिनिटाला शंभरापेक्षा जास्त वेळा. आणि असे चाळीस-पन्नास माग एका पत्र्याच्या शेडखाली. अशा शेडमध्ये आवाज पंचाण्णव-शंभर डेसिबलपर्यंत सहज जातो. आपल्याकडे कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा नव्वद डेसिबलची आहे. आणि डेसिबलचं गणित असं की दहा वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली. आप्पांच्या खात्यात कुणी कानात घालायला काही दिल्याचं त्यांना आठवत नाही. कारागीर चिंधीचा बोळा कोंबायचे, त्यानं फारसं काही अडत नाही.

लिंबायतला आमच्या गल्लीच्या मागच्या अंगालाच एक खातं होतं. त्यामुळे घरातही चोवीस तास खटाखट. पाहुणे आले की पहिल्या रात्री झोपायचे नाहीत. आम्हाला उलट गावी गेल्यावर झोप यायची नाही.

पहिला टप्पा म्हणजे फिलिप्सचा टू-इन-वन, साधारण ८४-८५ सालचा. त्यावर सकाळी विविध भारती, आणि कॅसेट मोजून सात-आठ. प्रल्हाद शिंदेंच्या दोन, गीतरामायणाच्या काही, बाकी हिंदी पिक्चरच्या. आप्पा पाळीवरून आले की आवाज पार शेवटपर्यंत करायचे. आई ओरडायची, "अहो, गल्ली गोळा होईल." पण खात्याच्या खटाखटीवर मात करायची तर आवाज मोठा करावा लागणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि एका दुरुस्तीच्या दुकानात लागलो. तिथंच नाद लागला. तेव्हा कोलकात्याच्या सोनोडाइनच्या जाहिराती मासिकात बघायचो आणि किंमत वाचून पान उलटायचो. आमच्यासारख्यांचा रस्ता म्हणजे असेंबल. ९३ च्या पावसाळ्यानंतर पहाटेची फ्लाइंग राणी पकडली. डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पासवाल्यांनी बसू दिलं नाही, मुंबई सेंट्रलपर्यंत उभा गेलो. तिथून चालत लॅमिंग्टन रोड. एसटीके ४१४१ आयसी, त्याचा बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक, आठ इंची दोन वूफर, दोन ट्वीटर. संध्याकाळच्या त्याच गाडीनं मांडीवर ट्रान्सफॉर्मर घेऊन परत. गल्लीतल्या सुतारानं चिपबोर्डची दोन खोकी करून दिली. दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस वॅट. गल्लीत आमचा मान वाढला. कानबाईच्या रोटांच्या वेळी आमचाच अँप चौकात जायचा.

मग आला सप्टेंबर १९९४. प्लेग.

ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना सांगायला नको. तोंडाला रुमाल, टेट्रासायक्लिनसाठी रांगा, स्टेशनावर पाय ठेवायला जागा नाही. लाखो माणसं गाव गाठायला निघाली. आईला आणि धाकट्या दोघांना आम्ही भुसावळकडच्या गाडीत कसंबसं चढवलं. घर राखायला आप्पा आणि मी मागं राहिलो. आणि खाती बंद झाली. एक बंद झालं, दुसरं बंद झालं, आणि एका दुपारी लक्षात आलं की कुठूनच खटाखट येत नाहीये. दिवाळीतही खाती बंद असायची, पण तेव्हा आम्ही गावी असायचो, आणि नसलो तरी फटाके. अशी शांतता मी सुरतेत पहिल्यांदा ऐकली.

त्या शांततेत दोन गोष्टी कळल्या.

पहिली, माझ्या अँपमध्ये हम्म होता. गाणं लावलेलं नसताना खोक्यांतून बारीक गुणगुण यायची. वर्षभर ती खात्याच्या आवाजाखाली दडून राहिली होती. घरातली वीज पन्नास हर्ट्झची, डायोडच्या पुलातून गेली की तिची शंभर हर्ट्झची लहर होते, आणि ती गाळणारा कपॅसिटर अपुरा असेल तर तीच स्पीकरमध्ये बोलते. वेळ भरपूर होता. कपॅसिटर मोठा घातला, अर्थच्या सगळ्या तारा सोडवून एकाच बिंदूला आणून जोडल्या, ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या तारांपासून लांब फिरवून बसवला. हम्म गेला.

दुसरी गोष्ट दुरुस्त होण्यासारखी नव्हती. बाहेर टाचणी पडली तर ऐकू येईल अशी अवस्था, आणि आप्पा म्हणाले, "आवाज वाढाय ना रे." मी वाढवला. ते पुढं सरकून बसले, डोकं एका बाजूला केलं, आणि विचारलं, "काय म्हनी ऱ्हायना तो?" मी म्हटलं, "आप्पा, ऐकू नाही येत?" ते म्हणाले, "आवाज येस, पन बोल समजस नही."

इतकी वर्षं दोष खात्याच्या खटाखटीला जात होता. आता खटाखट नव्हती.

पुढं शहर परत सुरू झालं, खातीही सुरू झाली, आप्पाही पाळीवर गेले. घर त्यावर चालत होतं. कानाच्या डॉक्टरांकडे त्यांना न्यायला २००३ उजाडलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख काढून दाखवला. पाचशे हर्ट्झपर्यंत कान जवळपास नॉर्मल. हजारापासून रेघ खाली घसरायला लागली आणि चार हजारांवर थेट खड्डा. सत्तर डेसिबल. डॉक्टर म्हणाले, आवाजानं गेलेल्या कानाची हीच खूण, आधी चार हजारांच्या आसपासचं जातं. आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. शब्दांतले स, श, त, च, फ असे बारीक आवाज वरच्या पट्टीत असतात, स्वर खालच्या पट्टीत. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आप्पांनी अहिराणीत चार शब्दांत जे सांगितलं होतं, तेच त्या आलेखात होतं. कारखाने कायद्याच्या परिशिष्टात हा बहिरेपणा रोग म्हणून नोंदलेला होता, हेही मला तेव्हाच कळलं. आप्पांच्या खात्याच्या शेठकडे मात्र आप्पा तीस वर्षं कामाला होते याचाच धड कागद नव्हता.

घरी आलो आणि आलेख माझ्या खोक्यांशेजारी ठेवला. माझ्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. आठ ओहमच्या ट्वीटरबरोबर त्याचं गणित केलं तर साधारण बेचाळीसशे हर्ट्झ येतं. म्हणजे ट्वीटर जिथून गायला लागायचा, तिथंच आप्पांच्या कानातला खड्डा. हौशीनं आणलेला ट्वीटर त्यांच्यासाठी जवळजवळ मुका होता, आणि त्यांच्या वाट्याला यायचा तो वूफरचा धुमधुमाट.

तिथून पुढचा सगळा सिस्टिम त्या आलेखाकडे बघत केला.

नुसतं ट्रेबल वाढवून भागत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा झाला की एकदम खुपतो. मधली जागाच कमी. आप्पा कानावर हात ठेवायचे. म्हणून गेलेल्या पट्टीच्या मागं लागण्यापेक्षा जी शिल्लक आहे, हजार ते तीन हजार, ती स्वच्छ करायची ठरवली. बास उतरवला, कारण खालचा जाड आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो. खोक्यात पाच इंची मिडरेंज स्पीकर घातला, म्हणजे गळ्याचा आवाज एकाच स्पीकरमधून यावा. पुढं एक जुना सोनोडाइन अँप मिळाला, तो उघडून कपॅसिटर बदलले.

खर्च न करता झालेल्या सुधारणा जास्त उपयोगी पडल्या. आप्पांची खुर्ची दहा फुटांवर भिंतीला टेकून होती, ती पाच फुटांवर आणली. अंतर निम्मं केलं की स्पीकरचा थेट आवाज सहा डेसिबल वाढतो, अँपला हात न लावता. आमची खोली म्हणजे सिमेंटच्या उघड्या भिंती आणि फरशी, शब्द घुमायचे. सुरतेत कापडाला काय तोटा, म्हणून आधी पॉलिस्टरचे पडदे लावून बघितले, काही फरक नाही. पातळ कापडातून आवाज आरपार जातो, त्याला जाडी लागते. मग आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या दोन गोधड्या मागच्या भिंतीला टांगल्या. त्या दिवशी आप्पांनी स्वतःहून विचारलं, "नवा मशीन आना का?"

मध्ये मिठी खाडीनं एकदा हिशेब केला. खाडीपूर काय असतो ते लिंबायतवाल्यांना माहीत आहे. अँप वर ठेवता आला, खोकी नाही आली. चिपबोर्ड पाणी पिऊन बिस्किटासारखा फुगला. नवी खोकी प्लायची केली आणि बसल्यावर कानाच्या उंचीला येतील अशी भिंतीवर ब्रॅकेटवर बसवली. पुरापासून सुटका, आणि आवाजही सरळ कानावर.

मग कानातलं मशीन आलं. त्याचा आवाज बोलण्यासाठी बसवलेला असतो, गाणं त्यातून चिरकं लागायचं. पुढच्या मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून घेतली. आता गाणी मोबाइलवरून येतात, इक्वलायझर हवा तसा ओढता येतो. आप्पांच्या नावानं एक सेटिंग केलेली आहे. मी स्वतः त्या सेटिंगवर ऐकायला बसलो तर दोन मिनिटांत कंटाळतो. आवाज पातळ आणि टोकदार लागतो.

एवढं करून आप्पांना सगळं ऐकू येतं का? नाही. पण यातली एक गंमत मला फार उशिरा दिसली. गीतरामायण लावलं की त्यांना शब्द न् शब्द कळतो. बाबूजींच्या बरोबरीनं ओठ हलतात. ते त्यांनी लहानपणी गावात रेडिओवर ऐकलेलं, मागावर उभं राहायच्या आधी. प्रल्हाद शिंदे बरेचसे कळतात. त्यानंतरचं जवळपास काहीच नाही. कान एकच, स्पीकर एकच. फरक इतकाच की शब्द आधीपासून माहीत असले की कान जे गाळतो ते डोकं भरून काढतं.

हे माझ्या मुलीनं हेरलं. ती बारावीला आहे. तिला एखादं नवीन गाणं आजोबांना ऐकवायचं असलं की ती आधी त्यांच्या समोर बसते, तोंड दिसेल असं, आणि गाण्याचे शब्द सावकाश म्हणून दाखवते. एकदा, लागलं तर दोनदा. मग गाणं लावते. आप्पा ऐकतात, कडवं संपलं की मान हलवतात, आणि कधी कधी म्हणतात, "समजनं." तीस वर्षांत मी या सिस्टिममध्ये जे जे बदललं, त्यात हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम, डिंडोलीत अशी घरं कितीतरी असतील. घरातलं म्हातारं माणूस टीव्ही मोठ्यानं लावतं म्हणून पोरं चिडतात. चिडण्याआधी त्यांची एकदा कानाची तपासणी करून घ्या, आलेख मागून घ्या, आणि त्यांची खुर्ची पुढं सरकवा. तुमच्या घरच्या पहिल्या टेपची, अँपची किंवा खात्यातल्या माणसांची आठवण असेल तर खाली लिहा. मी आप्पांना वाचून दाखवणार आहे, समोर बसून, सावकाश.