एकशे वीस तास

७ एप्रिल २०२५, भातकुली

फॉर्म हातात पडला. वर 'कार्यप्रशिक्षण' छापलंय, पण कॉलेजात शिपायापासून सरांपर्यंत सगळे ओजेटीच म्हणतात. एम.ए.च्या दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिट. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास कुठेतरी खरोखरीचं काम करायचं, रोज काय केलं ते रकान्यात लिहायचं, खाली सुपरवायझरची सही आणि शिक्का. दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटांतले हे ४, पण अडलं तर याच्यावरच अडेल असं सीनियर सांगतात.

विषय मी चित्रपट-दूरदर्शन घेऊन बसले. वर्तमानपत्र घेतलं असतं तर अमरावतीत पायी फिरत जागा मिळाली असती. सर म्हणाले, "ज्यानं त्यानं आपापलं शोधा."

घरी सांगितलं. बाबा तुरीचा हिशेब करत होते. मान वर न करता म्हणाले, "मुंबईले जाऊन फुकट राबायचं, आन् खोलीचं भाडं आपुनच द्यायचं? हे नोकरी हाय का तीर्थयात्रा?"

१० एप्रिल

माझी मैत्रीण आज रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेली. तिच्या मामाच्या ओळखीनं एका मालिकेत जागा मिळाली, दिग्दर्शन विभागात, बिनपगारी. साडेसहाशे किलोमीटरच्या वर प्रवास, मीरा रोडला तिघींत एक खोली. स्टेशनवर तिची आई डोळे पुसत होती आणि हातातला भाकरवड्यांचा डबा काही सोडत नव्हती. गाडी हलली तेव्हा डबा आईकडेच राहिला. आम्ही तो परत येताना ऑटोत खाल्ला.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. गावातले सगळे निळे झेंडे एका रस्त्यावर. डीजेच्या पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दोन पाय फाकवून, कमरेला ओढणी बांधून तिचं दुसरं टोक ट्रॉलीच्या कड्याला अडकवलेले शूटिंगवाले भाऊ उभे. ट्रॉली खड्ड्यात गेली की अख्खा माणूस हलायचा, पण हातातला कॅमेरा हलत नव्हता. गुडघे वाकवून ते धक्का खाली जिरवत होते. मी अर्धा तास मिरवणूक सोडून त्यांचे गुडघेच बघत राहिले.

यांना मी लहानपणापासून ओळखते. माझ्या मावशीच्या लग्नाची व्हीएचएस यांनीच काढलेली. पण इतकी वर्षं हा माणूस काय करतो ते मला दिसलंच नव्हतं.

१६ एप्रिल

आज बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. मुख्यमंत्री आले होते, अर्धं अमरावती तिकडे. मी मात्र विभागात सरांसमोर उभी, ओजेटी शूटिंगवाल्या भाऊंकडे करू द्या म्हणत.

"लग्नाचं शूटिंग म्हणजे चित्रपट नाही," सर म्हणाले. "उद्या बाहेरचा परीक्षक विचारेल, आस्थापना कोणती? तर काय, मंगल कार्यालय?"

मी म्हटलं, कॅमेरा आहे, लाइट आहे, आवाज आहे, मिक्सिंग आहे. पैसे देणारं गिऱ्हाईक आहे, आणि नाही आवडलं तर तोंडावर सांगणारंही आहे. मालिकेत तरी याहून वेगळं काय असतं? सर हसले, पण सही करेनात. शेवटी तोड निघाली. आपल्याकडे सिनेमाचं काम पूर्वी लोक कसं शिकले यावर सेमिनार द्यायचा, मग जागा मान्य. सर वाईट नाहीत. फक्त परीक्षकाला भितात, आणि परीक्षक विद्यापीठाला भीत असावा.

२० एप्रिल

पहिला दिवस. ६ तास.

दुकान बसस्टँडच्या मागे. खाली पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, वर जिन्यानं गेलं की मिक्सिंगची खोली. ती वहिनींची. पाटीवर भाऊंचं नाव, खाली 'फोटो, व्हिडिओ, ड्रोन'. वहिनींचं नाव कुठेच नाही, पण दिवसभर सगळे जिन्याखालूनच ओरडतात, "वहिनी, आमचं झालं का?"

मला वाटलं होतं कॅमेरा देतील. भाऊंनी ४ बॅटऱ्या, २ चार्जर आणि एक वही दिली. चार्ज झालेली बॅटरी डाव्या खिशात, संपलेली उजव्या. कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की लगेच टोपणाच्या डबीत, उलटं. उलटं म्हणजे भरलेलं. भरलेलं कार्ड दोन हार्डडिस्कवर उतरल्याशिवाय पुसायचं नाही, आणि पुसायचं तर वहिनींना विचारून.

"मी तं दोन वर्स हॅलोजनची वायर धरली," भाऊ म्हणाले. "अमरावतीच्या एका शूटिंगवाल्यापाशी. पगार म्हंजे पंगतीत जेवन. तुले तं पयल्याच दिवशी बॅटऱ्या देल्या."

२४ एप्रिल

आज माझ्या हातून घोटाळा झाला. पूर्ण लिहून ठेवते.

रस्त्यापासून आत एका खेड्यात हळद होती. ऊन असं की मांडवातला स्टीलचा ग्लास हातात धरवेना. मी रुमाल बोअरच्या पाण्यात भिजवून डोक्यावर ठेवला होता. भाऊंनी दुसरा कॅमेरा मला धरायला दिला, काचेवर हळदीचा शिंतोडा आला, आणि मी तो त्याच रुमालानं पुसला. काच क्षणात वाळली. स्वच्छ दिसली.

रात्री वहिनींनी मोठ्या पडद्यावर लावलं. नवरीच्या चेहऱ्यावर, डाव्या गालापासून कपाळापर्यंत, पांढुरका पदर ओढल्यासारखा पट्टा. उजेड समोरून आला की पट्टा उजळायचा, ती वळली की जायचा. ४० मिनिटांचं शूटिंग.

"खारपान," वहिनी एवढंच म्हणाल्या.

आमच्या तालुक्याच्या पाण्यात मीठ आहे हे मला शाळेपासून पाठ. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, ओलिताला निरुपयोगी, हरभरा बरा येतो, वगैरे. भूगोलात त्यावर ५ गुण मिळवलेत. घरच्या नळाला आणि हंड्याच्या बुडाला पांढरा थर रोज बघते. पण तेच मीठ काचेवर बसेल हे डोक्यात आलं नाही. वहिनींनी फिल्टर काढून घरातल्या आरओच्या पाण्याच्या दोन थेंबांनी पुसला, मग मऊ कापडानं मधून बाहेर गोल गोल. नवरीचे ते सगळे शॉट त्यांनी बाजूला ठेवले आणि तिचे हात, हळदीची वाटी, हसणाऱ्या मावश्या यांच्यावर हळद उभी केली. चेहरा फक्त भाऊंच्या कॅमेऱ्यातला, तीनदा. घरच्यांना कळणार नाही. मला ते बघताना दर वेळी कळेल.

लॉगशीटमध्ये काय लिहू? 'लेन्सची निगा, ५ तास' लिहिलं.

३० एप्रिल

अखजी. लग्नांचा पूर. पत्रिकेत ११ वाजून ४५ मिनिटं, नवरदेव जानोशातून निघाला दीड वाजता. नवरदेवाच्या मित्रांनी बेंजोवाल्यांना पुढे सरकूच दिलं नाही.

अंतरपाटाजवळ कुठे उभं राहायचं हे भाऊंनी काल अंगणात दोन खुर्च्या मांडून दाखवलं होतं. भाऊ नवरीकडे, मी नवरदेवाच्या उजव्या खांद्यामागे. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की श्वास सोडायचा, घ्यायचा नाही. अक्षता कॅमेऱ्यावर येतातच, डोळे मिटायचे नाहीत. भटजींचा आवाज चढला की पाट खाली येतो, आणि त्या वेळी दोघं एकमेकांकडे बघतात ते किती वेळ? मोजलं मी नंतर मिक्सिंगला. दोन सेकंदही नाही. मग माना खाली, हार, आरडाओरडा. सिनेमात हे दहा वेळा घेता येतं. इथे परत घ्या म्हणायची सोय नाही.

मिळालं मला. नवरदेव बघतच नव्हता, घाम पुसत होता. पण नवरी त्याला घाम पुसताना बघत होती, आणि ते माझ्याकडे आहे.

भातकुलीला लग्नाचा इतिहासच वेगळा. जाणती माणसं सांगतात, हे भोजकट. रुक्मिणीला कृष्णानं नेलं, पाठलाग करून गेलेला रुक्मी हरला, आणि तोंड घेऊन कुंडिनपूरला परत न जाता इथेच गाव वसवून राहिला. देशातलं सगळ्यात गाजलेलं पळवापळवीचं लग्न, आणि आमच्या वाट्याला आला तो रुसलेला भाऊ. भाऊ म्हणतात, तवाचं शूटिंग असतं तं दुकान आजही त्याच्यावर चाललं असतं.

४ मे

मैत्रिणीचा फोन, रात्री साडेबाराला. रडत नव्हती, पण तिच्या आवाजातला वऱ्हाडी हेल गेला होता. त्याचंच मला जास्त वाटलं.

तिकडे शिफ्ट १२ तासांची. म्हणजे १० दिवसांत तिचे १२० तास भरले. २५ एप्रिललाच. तिनं पत्र मागितलं तर उत्तर मिळालं, तीन महिने पूर्ण कर, मग बघू. मालिकेचं नाव ती कोणाला सांगत नाही, मीही लिहीत नाही. तिचं काम कंटिन्युटीचं. कुठल्या सीनला नायिकेच्या कोणत्या हातात किती बांगड्या, टिकली कोणती, दुधाचा ग्लास किती भरलेला. मोबाइलवर फोटो काढायचे, वहीत लिहायचं. "हे येतं मला आता," ती म्हणाली. "पण एवढंच येतं. कॅमेऱ्याच्या मागं काय चाललं ते पाह्यला गेली की हाक येते." तिथे तिला नावानं कोणी बोलावत नाही, इंटर्न म्हणतात. खोलीचं भाडं, डबा, लोकलचा पास मिळून महिन्याला तिच्या बाबांचे एका क्विंटल कापसाहून जास्त जातात.

सेमिनारसाठी वाचताना अमेरिकेतला खटला सापडला, तो तिला सांगितला. 'ब्लॅक स्वान' हा सिनेमा २०१० चा. त्यावर बिनपगारी राबलेल्या दोघांनी २०११ मध्ये फॉक्स सर्चलाइट कंपनीला न्यूयॉर्कच्या कोर्टात खेचलं. म्हणणं सरळ: आम्ही कॉफी आणली, कागद लावले, हे काम पगारी माणसाचं. २०१३ मध्ये ते जिंकले. २०१५ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल बाजूला ठेवला आणि नवीन कसोटी लावली, जास्त फायदा कोणाचा? शिकणाऱ्याचा की राबवून घेणाऱ्याचा? शिक्षणाशी, क्रेडिटशी जोड आहे का, हाही त्यातला एक मुद्दा. म्हणजे कॉलेजचा कागद असला की फुकट राबवणं सोपं होतं, असं कोणी म्हटलं तर मला खोडता येणार नाही. शिवाय तिकडे त्या क्रेडिटांची फीही सहसा पोराच्याच खिशातून जाते.

"आपली कसोटी काय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, फॉर्ममध्ये मानधनाचा रकाना आहे, तिथे शून्य लिहिलं तरी चालतं.

१२ मे

अवकाळी. लाइट गेलेली. वहिनी इन्व्हर्टरवर एकच मशीन चालवत होत्या. आज १० तास. बाहेर एकही नाही, सगळे वर.

मी मिक्सिंग म्हणजे गाणी लावणं समजत होते. वहिनी आधी आवाज बंद करून पूर्ण लग्न बघतात. मग फक्त आवाज, पडदा बंद करून. "रडन्याचा आवाज कुठी हाय ते पयले शोध," म्हणाल्या. "मंग त्याच्या मांगं काय दिसते ते पाय." बिदाईच्या वेळी कॅमेरा नवरीवर होता, पण रडण्याचा आवाज तिच्या आजीचा होता, जी चौकटीच्या बाहेर होती. वहिनींनी नवरीचा चेहरा ठेवला आणि आजीचा आवाज तसाच राहू दिला, गाणं तिथे लावलंच नाही. घरचे म्हणतील गाणं कुठं गेलं. म्हणू दे म्हणाल्या, दोन दिवसांनी मागाहून फोन येतो, राहू द्या म्हणून.

त्या हे कुठे शिकल्या? लग्न होऊन आल्या तेव्हा बारावी झालेल्या. भाऊ सीझनमध्ये रात्री दोनला यायचे, कॅसेटींचा ढीग पडायचा, गिऱ्हाईक दारात. "कोनी शिकवलं नाई. ढीग होता."

फाळक्यांचं वाचलं होतं. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आपण त्यांच्या नावानं पाठ करतो. पण कच्ची फिल्म छिद्रं न पाडलेली यायची, आणि ती अंधारात बसून छिद्रं पाडायचं काम सरस्वतीबाईंचं. रसायनं, फिल्म धुणं आणि अख्ख्या कंपनीचा स्वयंपाकही. वहिनींना सांगितलं. त्यांनी माउसवरून हात काढला नाही. म्हणाल्या, "कुकरच्या शिट्या मोज, तीन झाल्या का?"

१९ मे

सेमिनार दिला. सर पुढच्या बाकावर, परीक्षकासारखा चेहरा करून.

बाबूराव पेंटर सांगितले, ज्यांनी कोल्हापुरात १९१८ मध्ये कॅमेराच स्वतः बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० मध्ये आलेला पोरगा, आधी हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम केलेला, झाडलोटीपासून सुरुवात करून व्ही. शांताराम झाला. १९२९ मध्ये प्रभात काढणारे दामले, फत्तेलाल, धायबर हेही त्याच घरचे. पुढे पुण्यातल्या प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. मग आपल्या विदर्भातले राजदत्त, राजा परांजप्यांच्या हाताखाली तयार झालेले. गाडगेबाबांवरचा 'देवकीनंदन गोपाला' त्यांनीच केला, १९७७ मध्ये, डॉ. लागूंना घेऊन. ज्या ऋणमोचनला बाबांनी घाटाचं काम केलं ते आमच्याच तालुक्यात, हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ झाली.

एका मुलानं विचारलं, शांतारामांना किती क्रेडिट मिळाले? वर्ग हसला. सरही. मग सरांनी विचारलं, "पण त्या काळी किती पोरं झाडलोटच करत राहिली, त्यांची नावं कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न चांगला होता. मी मैत्रिणीचा विचार करत खाली बसले.

२६ मे

१२० भरले. खरं तर १३७, पण फॉर्ममध्ये जागा १२० चीच. हिशेब केला तर खाली आणि मांडवात भाऊंबरोबर ४९, वर वहिनींबरोबर ८८. भाऊंनी ३,००० रुपये पाकिटात घालून दिले, आहेर द्यावा तसे, वर एक रुपया चिकटवून. मानधनाच्या रकान्यात ३,००१ लिहिलं.

सुपरवायझरचं नाव, पद, सही. मी फॉर्म घेऊन वर गेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊची घे ना, दुकान त्यायचं." मी म्हटलं, तास तुमच्याकडचे जास्त आहेत. खालून भाऊ ओरडले, "कर वो सही, मले गिऱ्हाईक हाय."

"कॉलेजवाले याचं काय करतेत?"

"फाइलीत ठेवतात."

"मंग नीट लिवतो."

पदाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही दोघी अडलो. संकलक लिहू म्हटलं तर त्यांना तो सरकारी शब्द वाटला. शेवटी त्यांनी स्वतःच 'मिक्सिंग' लिहिलं आणि हात पदराला पुसून पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेत लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं.

शिक्का भाऊंनी मारला. तो नेमका वहिनींच्या सहीच्या अर्ध्यावर बसला, नाव काही वाचता येईना. दुसऱ्या प्रतीवर परत सही घ्यावी म्हणून झेरॉक्स काढायला खाली आले, तर लाइट गेलेली.