वाचक वगळल्यानंतर

समाजमाध्यमांवरील लेखनाला वाङ्मयप्रकार मानावे काय, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मान्य करावी लागते : त्या लेखनाला तारीख असते. फिलिप लेज्यून यांच्या रोजनिशीविषयक विवेचनात तारखेला मध्यवर्ती स्थान आहे. नोंद कितीही त्रोटक असो, ती त्या दिवशीची असली पाहिजे. या कसोटीला माझ्या फेसबुकवरील दहा वर्षांच्या नोंदी उतरतात. गेल्या वर्षी त्या सर्व मी संगणकावर उतरवून घेतल्या, मूळ जागी त्या केवळ मलाच दिसतील अशी व्यवस्था केली आणि त्यांच्या छापील प्रती एका जाड वहीच्या डाव्या पानांवर चिकटवीत गेले. नोंदी खाजगी झाल्या, पण त्यांची रोजनिशी झाली नाही.

याचे कारण संहितेतच आहे. प्रत्यक्ष वाचक दूर करता येतो. अभिप्रेत वाचक दूर होत नाही. ‘मंडळी, आज अंगणात प्राजक्ताचा सडा पडलाय बरं का!’ या वाक्यातली ‘मंडळी’ खोडता येईल, पण त्या ‘बरं का’चे काय करावे? ते वाक्य आरंभापासूनच दुसऱ्याकडे तोंड करून उभे आहे. शिवाय मला मिळालेल्या प्रतीत माझी प्रत्युत्तरे आहेत, इतरांचे अभिप्राय नाहीत. ‘अगदी बरोबर, काकू.’ कोणत्या काकू, आणि काय बरोबर? दूरध्वनीवरचे एकाच बाजूचे संभाषण ऐकावे, तसे हे वाचन होते. (एका अर्थी हे न्याय्यच म्हणायचे. दुसऱ्यांचे शब्द माझ्या वहीत येण्याचे कारण नव्हते.)

ॲन फ्रँकचा प्रवास याच्या उलट दिशेचा होता. मार्च 1944 मध्ये लंडनहून डच मंत्र्याचे नभोवाणी-भाषण ऐकल्यावर तिने आपली रोजनिशी प्रकाशनाच्या दृष्टीने पुन्हा लिहावयास घेतली. खाजगीकडून सार्वजनिकाकडे जाताना गाळणे शक्य असते, कारण गाळावयाचे ते कागदावर असते. उलट दिशेने निघालेल्याला जे हवे असते, ते कागदावर कधी आलेलेच नसते.

2018च्या पावसाळ्यात आई अंथरुणाला खिळून होती. त्या अकरा आठवड्यांत माझ्या एकोणीस नोंदी आहेत : पाऊस, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, एका चर्चासत्राचा वृत्तांत, प्राजक्त. आईचा उल्लेख एकदाही नाही. याला असत्यकथन म्हणता येणार नाही. चार माणसांत बोलण्याचे जे संकेत आपण घरातूनच शिकतो, ते येथे पाळलेले दिसतात. विचारणाऱ्याला आपण ‘बरं आहे’ असेच सांगतो. मात्र प्राजक्ताची ती नोंद मला आता निराळी वाचावी लागते. आईची खाट पूर्वेच्या खिडकीशी हलवली होती. पहाटे वास यावा म्हणून ती खिडकी उघडावयास सांगे. त्या दिवसांत ती मला आपली थोरली बहीण समजत असे. सडा पाहिला तो त्या खिडकीतून, तिच्या उशाशी उभी राहून. ज्यांनी त्या नोंदीखाली पसंतीचे अंगठे उमटवले त्यांना फुले दिसली, आणि तीही खोटी नव्हती. या वाक्याचा खाजगी अर्थ सर्वांसमक्ष उघड्यावर होता. तो वाचण्याची सोय तेवढी एकटीलाच होती.

मग उजव्या पानावर काय लिहावे? 2018 मध्ये न लिहिलेले आज त्याच तारखेखाली लिहिले, तर ती आठवण होईल. आणि आठवणीला रोजनिशीचा वेष देणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून उजवीकडे मी आजची तारीख घालते. जुन्या पोथीत मूळ मध्यभागी आणि टीका वरखाली असते, तसे काहीसे हे झाले आहे. टीकाकार आणि मूळ लेखक यांत मात्र सहा-सात वर्षांचे अंतर आहे, आणि टीकाकाराला ठाऊक असलेला शेवट मूळ लेखकाला ठाऊक नाही.

बरीच उजवी पाने कोरी आहेत. प्राजक्तासमोर दोनच ओळी आहेत : ‘खिडकी पूर्वेची. तिने आज मला माई म्हटले.’ लिहून झाल्यावर लक्षात आले की त्यातला ‘आज’ कोणत्या तारखेचा, हे ठरवता येत नाही. तो तसाच ठेवला आहे. पुढच्या डाव्या पानावर चर्चासत्राचा वृत्तांत आहे. त्यासमोर अजून काही लिहिलेले नाही.