मोबाइल-त्याग आणि नातवाचे सोबती



यंदा दशलक्षण पर्वात मी घरात एक नियम काढला. दहा दिवस मोबाइल आणि लॅपटॉप बंद. कामापुरता फोन चालेल, बाकी काही नाही. मुलाने मान डोलावली. सून काहीतरी बोलणार होती, पण गप्प राहिली. आमच्या अठरा वर्षांच्या नातवाने मात्र लगेच लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिला. नियम म्हटला की तो पाळायचाच, हा त्याचा स्वभाव. खरं सांगते, त्या दिवसांत नियम नीट पाळणारा घरात तो एकटाच. मी स्वतः "मंदिराचा निरोप आला असेल" म्हणत दिवसातून चारदा व्हॉट्सॲप बघत होते.

माझा नातू स्वमग्न आहे. बोलतो, पण मोजकंच. अभिषेकाच्या वेळी घंटा जोरात वाजली की कानांवर हात ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. आमच्या वटारमध्ये वाडीतल्या केळींच्या ओळींमधून तासभर एकटा चालत राहतो. म्हणून मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की याला माणसांची ओढ नाही. रात्री साडेनऊला खोलीत टकटक टाइप करायचा, त्याला मी व्यसन म्हणत होते.

चौथ्या दिवसापासून त्याचं बिनसलं. आधी ताटातली भाजी शिल्लक राहू लागली, मग नुसता वरण-भात. रात्री साडेनऊ वाजले की खोलीतून बाहेर यायचा, घड्याळाकडे बघायचा, परत आत जायचा. पाचव्या दिवशी तर एक शब्द बोलला नाही. मी सुनेला म्हटलं, "बघ, किती सवय लागली होती." तेव्हा ती म्हणाली, "आई, ती सवय नाही. त्याचे मित्र आहेत तिथे. साडेनऊला सगळे भेटतात. न सांगता गायब झालाय तो, त्याचं त्याला खातंय."

माझ्या हातातली परडी तशीच राहिली. दोन वर्षं या मुलाला मित्र आहेत आणि ते मला, त्याच्या आजीला, माहीत नाही! मी नियम मागे घेतला. पण नियम म्हणजे नियम. "दहा दिवस म्हणाली होतीस," एवढंच बोलला. शेवटी मीच कागदावर लिहून सही केली: नियम आजपासून रद्द. मग त्याने कपाट उघडलं.

त्या रात्री त्याने मला शेजारी बसू दिलं. पाच-सहा मुलंमुली आहेत, सगळी स्वमग्न, वेगवेगळ्या गावांतली. कॅमेरा नाही, आवाज नाही, फक्त लिहायचं. एकाने विरार-डहाणू लोकलचं वेळापत्रक टाकलं होतं, त्यावर तिघांची चर्चा रंगली. मग एका मुलीने लिहिलं की आज घरी पाहुणे होते, फार थकले, बोलणार नाही पण इथे आहे. कुणी "काय झालं, बोल ना" म्हणून मागे लागलं नाही. एकाने "बरं" लिहिलं आणि गाड्यांची चर्चा पुढे चालू. ती मुलगी तासभर तशीच सोबत होती. माझा नातू पाच दिवस का नव्हता, हे त्याने एका ओळीत सांगितलं. उत्तर आलं, "ठीक आहे. आम्ही जागा ठेवली होती."

मी त्याला विचारलं, समोरासमोर भेटण्यापेक्षा हे बरं कसं? त्याने मलाही टाइप करूनच उत्तर दिलं: "इथे डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून ऐकता येतं." मैत्रिणींनो, लहानपणी त्याची हनुवटी धरून "माझ्याकडे बघून जय जिनेंद्र म्हण" असं किती वेळा केलं असेल मी!

मी कॉमर्सची पदवीधर, ताळा जमल्याशिवाय चैन पडत नाही. सुनेकडून घेऊन बरंच वाचलं. 1943 मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांच्या नोंदी छापल्या, त्यात एकटेपणाची ओढ हे मुख्य लक्षण म्हणून मांडलं. आपल्याकडचा "स्वमग्न" हा शब्दही तेच सांगतो. आपल्या प्रवचनांत स्वतःत मग्न होणं केवढी मोठी गोष्ट, आणि या मुलांच्या बाबतीत मात्र ती तक्रार! पण 1992 मध्ये अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि त्यांच्यासारख्याच काही स्वमग्न माणसांनी स्वतःची संस्था काढली. पुढच्याच वर्षी सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून लिहिलं की आमच्यासाठी शोक करू नका. 1996 पासून ही माणसं दरवर्षी शिबिराला जमू लागली. तिथे गळ्यात रंगीत बिल्ले असत. लाल म्हणजे आत्ता बोलू नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला, हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या मार्टिन डेकर या स्वमग्न तरुणाने संगणकावरून आपसांत लिहिण्याची सोय केली. म्हणजे माझा नातू करतो ते काही नवीन खूळ नाही.

2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आपण लहानपणी कानगोष्टी खेळायचो, तसा. आठ माणसांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगायची. सगळी स्वमग्न माणसं असलेली साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली निघाली. दोन्ही प्रकारची माणसं मिसळली, तिथे जास्त गळती झाली. पुढे 2025 च्या मोठ्या अभ्यासात मिसळलेली साखळीही मागे पडली नाही. पण या माणसांना संवाद जमतच नाही, हा समज दोन्ही वेळा खोटा ठरला. इंग्लंडमधले डेमियन मिल्टन, स्वतः स्वमग्न, 2012 पासून हेच सांगतात की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आम्ही त्याला समजत नाही हे मला दिसत होतं. तो आम्हाला कळत नाही, हे मी त्याच्याच खाती टाकत होते.

आपल्या देशात पालकांनी खूप केलंय. दिल्लीत 1991 मध्ये सुरू झालेली ॲक्शन फॉर ऑटिझम, मुंबईत पालकांचं फोरम फॉर ऑटिझम, 2001 पासूनचं उम्मीद. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. नातू लहान असताना सुनेबरोबर मीही पालकांच्या बैठकांना नालासोपाऱ्याहून लोकलने जायचे, तिथे फार धीर मिळाला. पण तिथे आम्ही बोलायचो, मुलांबद्दल. मुलं आपसांत काय बोलतील, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तुम्हाला काळजी वाटेल की न पाहिलेली माणसं, फसवणूक झाली तर? मलाही वाटली. सुनेने त्याचे नियम आधीच लिहून भिंतीला लावलेत: फोटो नाही, पत्ता नाही, बँकेची माहिती किंवा ओटीपी नाही, कुणी पैसे मागितले किंवा भेटायला एकट्याला बोलावलं तर त्याच दिवशी घरी सांगायचं. नियम पाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

आता त्याच्या दाराला तीन रंगांचे कपड्यांचे चिमटे असतात. लाल चिमटा दिसला की मी चहाला हाक मारत नाही, कप दाराशी ठेवते. पाहुणे आले की त्यांनाही आधी चिमट्यांचा अर्थ सांगते. परवा एक काकू हसल्या, पण जाताना हिरवा बघून दोन वाक्यं बोलून गेल्या.

अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणीचा दिवस आला. मी नातवाला म्हटलं, "उत्तम क्षमा. माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर." तो म्हणाला, "काय चुकलं?" आम्ही सगळेच हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणतो, असं उलट कुणी विचारलं नव्हतं. मी वही घेतली आणि बाबी लिहिल्या. एक, न विचारता नियम काढला. दोन, मित्रांना व्यसन म्हटलं. तीन, हनुवटी धरली. त्याने वही घेतली, वाचली आणि पेनने पुढे दोन बाबी वाढवल्या. त्या इथे सांगत नाही, आमच्या दोघांत आहेत. मग खाली लिहिलं, "पाचही माफ."

तुमच्या घरात, नात्यात असं मूल असेल तर या वर्षी त्याला एकच विचारा: तुझे सोबती कोण? आणि उत्तर लिहून आलं तरी ते उत्तरच समजा.

जय जिनेंद्र.