घराच्या जमिनीखाली

पुण्यात सुट्टीला पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा, सारसबाग आणि केळकर संग्रहालय दाखवायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा दिवाळीत बंगळुरूहून नात आली, तिचं हे सगळं पाहून झालेलं. म्हणून तिला घेऊन येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेले.

ही दगडी इमारत १८६८ सालची. टिळक-आगरकर इथलेच विद्यार्थी. पुढे १९३९ पासून ही संशोधन संस्था झाली आणि डॉ. सांकळियांसारख्यांनी महाराष्ट्राच्या मातीत दडलेली जुनी गावं शोधून काढली. त्यातलंच एक इनामगाव. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे खणण्याचं काम चाललं.

इनामगावात इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळात शेतकरी राहत होते. कुडाच्या भिंतींची घरं, धान्याच्या कणगी, सातूचं पीक, गाईगुरं. लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी. तोटीचं भांडं पाहून नात म्हणाली, "आजी, हा तर आपला झाराच!"

मग तिनं विचारलं, "या दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना का लावलीत?"

सांगावं लागलं. लहान मूल गेलं की त्याला अशा दोन मडक्यांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा अभ्यासकांचा तर्क. एकाला मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेलं होतं, त्याचे पाय शाबूत. तो गावाचा प्रमुख असावा म्हणतात.

"घरातच पुरायचे? भीती नाही वाटायची?"

मला माझी आई आठवली. तिचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याला ओढ्याकाठी पुरलं होतं. शेताची जवळची वाट तिथूनच, पण आई कायम लांबचा फेरा घालून जायची. का, ते आम्हा भावंडांना फार उशिरा कळलं. एरवी तिनं त्या बाळाचं नाव काढलं नाही, आणि कुणी काढूही दिलं नाही. इनामगावची ती बाई मात्र बाळाच्या वर चूल पेटवत होती, तिथेच झोपत होती. दोघींतली कुणाची रीत बरी, मला ठरवता येईना. नातीला एवढंच म्हटलं, "भीती परक्यांची वाटते गं."

परतताना रिक्षात तिला आईची गोष्ट सांगितली. "नाव काय होतं त्याचं?" ती म्हणाली. बारसं झालेलं होतं, नाव माधव. ते नाव पुढे घरात कुणाचं ठेवलं नाही.

असो. पुणेकरांनो, मुलांना घेऊन एकदा जाऊन या. मात्र वेळ आधी फोनवर विचारून घ्या. आणि मुलं काय काय विचारतील, त्याची तयारी ठेवा.