हॅन्डब्रेकची वायर

भिलाई सपाट आहे. इथल्या सेक्टरमधल्या रस्त्यावर चेंडू ठेवला तर तो सहसा जागचा हलत नाही. त्यामुळे आमच्या जीपला हॅन्डब्रेक नाही, याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि मागच्या चाकाला दगड लावायचा, एवढ्यावर भागत होतं. पण आजोबा आता 74 वर्षांचे आहेत. गुडघ्यामुळे त्यांना वाकून दगड लावता येत नाही, म्हणजे एकट्याने गाडी नेणं बंद. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा आईने निकाल देऊन टाकला होता, "हॅन्डब्रेक बसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. जमत नसेल तर विकून टाका, बाबा."

आमची जीप महिंद्राची, 1960 च्या दशकातली. तिला सगळे कौतुकाने व्हिंटेज म्हणतात. पण 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांपेक्षा जुनी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आमच्या जीपमध्ये आधीच्या मालकाने इतके बदल केले आहेत, की ती नुसतीच जुनी उरली आहे.

या जातीच्या जीपचा मूळ हॅन्डब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटा ड्रम असतो आणि तो मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टच धरून ठेवतो. आधीच्या मालकाने फोर-व्हील ड्राइव्ह काढली, दुसरा गिअरबॉक्स घातला आणि मागे नव्या गाडीचा एक्सल बसवला. ट्रान्सफर केस गेली, तिच्याबरोबर हॅन्डब्रेकही गेला. नव्या एक्सलच्या दोन्ही ड्रममध्ये हॅन्डब्रेकचे लिव्हर होते. मात्र त्यांना ओढणारी वायर तयार मिळणं शक्य नव्हतं, कारण अशी गाडी कुठल्याच कारखान्यातून बाहेर पडलेली नाही.

सुपेल्याच्या मिस्त्रींना विचारलं तर ते हसले. "भैया, यहाँ ढलान है कहाँ?" तरी त्यांनी काम घेतलं आणि मला सोबत राहू दिलं.

आजोबा प्लांटच्या वायर रॉड मिलमधून निवृत्त झाले आहेत. 1959 पासून लोखंड वितळवणाऱ्या या गावात वायरबद्दल त्यांना कुणी काही सांगू शकत नाही. त्यांनी मला तुटक्या वायरचं टोक उलगडून दाखवलं. आत केसासारख्या अनेक तारा पिळलेल्या असतात. तेवढ्याच जाडीची एकच सळई वारंवार वाकवली तर लवकर तुटेल, पिळलेल्या तारा वाकतात आणि टिकतात. पण खरी गंमत बाहेरच्या नळीत आहे. सायकलच्या ब्रेकला असते तशीच ती. ही युक्ती जुनी आहे. अर्नेस्ट बाउडन यांनी तिचं पेटंट 1896 मध्ये घेतलं. आतली वायर ओढली की बाहेरची नळी तेवढ्याच जोराने दाबली जाते. म्हणून नळीची दोन्ही टोकं पक्क्या ब्रॅकेटमध्ये अडकवावी लागतात. ब्रॅकेट लेचापेचा असेल तर तोच वाकतो आणि हाताची सगळी ओढ वाया जाते. आम्ही चॅसीच्या आडव्या पट्टीवर 5 मिलिमीटर जाड पत्र्याचा ब्रॅकेट वेल्ड करून घेतला.

वायरची लांबी आम्ही सुतळीने मोजली. आधी रिकाम्या गाडीत मोजली. मग मागे पाच माणसं बसवून पुन्हा मोजली. पाट्यांच्या स्प्रिंगवर एक्सल वरखाली होतो. वायर नेमकी रिकाम्या गाडीच्या मापाची केली, तर खड्ड्यात ती ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागला असता. म्हणून मोठ्या गोलाईचं एक वळण ढिलं सोडलं आणि सायलेन्सरपासून ते दूर बांधलं. लिव्हरपासून एक वायर मागे येते आणि तिथून दोन चाकांना दोन जातात. त्या जिथे जुळतात तिथे डुलणारी पट्टी बसवली. दोन्ही चाकांना सारखी ओढ मिळावी, हे तिचं काम.

शेवटी ॲडजस्टमेंट. लिव्हर फार वर येत असेल तर बरेच जण सरळ वायरचा नट आवळतात. आजोबांनी ते करू दिलं नाही. वायर पूर्ण सैल ठेवून आधी ड्रममधले ब्रेक शू लावून घेतले. चाक हाताने मोकळं फिरतंय हे पाहिलं आणि मगच नट हळूहळू आवळला. सहाव्या खटक्याला दोन्ही चाकं धरली. लिव्हर सोडल्यावर दोन्ही पुन्हा मोकळी फिरली. आजोबा म्हणाले, "कायम ताणलेली वायर म्हणजे ब्रेक नव्हे. तिने शू झिजतात आणि ड्रम तापतो. वेळ आली की धरता आलं पाहिजे, आणि वेळ नसेल तेव्हा पूर्ण सोडता आलं पाहिजे."

परेडमध्ये 'सावधान' इतकाच 'विश्राम' हाही हुकूम का आहे, हे मला त्या वेळी जास्त नीट कळलं. पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये आम्ही काही जण झोपेतही सावधान असायचो आणि सकाळी मैदानावर थकलेले. ताण दाखवला म्हणजे तयारी दिसते, असं वाटायचं.

भिलाईत उतार नाही, म्हणून परीक्षा एका गोदामाच्या माल चढवायच्या रॅम्पवर घेतली. गाडीत पाच माणसं, गिअर न्यूट्रल. मिस्त्रींनी सावधगिरी म्हणून चाकांमागे वीतभर अंतरावर लाकडाचे ठोकळे ठेवले होते. आजोबांनी लिव्हर ओढला आणि पायब्रेकवरून पाय काढला. गाडी किंचित दबली आणि थांबली. दहा मिनिटं आम्ही तसेच बसून होतो. ठोकळ्यांना चाक लागलं नाही. मग तोंड वर करून उभी केली, तशीही राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोबा एकटेच सिव्हिक सेंटरला भाजी आणायला गेले. आई फाटकापर्यंत आली, पण काही बोलली नाही.