पुसट रेघ

परवा नात पुण्याहून दोन दिवस सुट्टीला आली होती. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. संध्याकाळी चहा झाल्यावर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आजोबा, बघा, माझा पहिलाच आणि पहिल्याच फटक्यात जमला!" पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाच-सहा आडव्या काळ्या रेघा होत्या. मुंजीच्या पत्रिकेवर शाई सांडावी तसं काहीतरी. मी विचारलं, "हे काय ग?"

"वेस्टर्न ब्लॉट."

मी एकदम म्हणालो, "मला माहीत आहे."

ती हसायला लागली. आजोबांनी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून केलं. त्यांना वेस्टर्न ब्लॉट कुठून माहीत असणार! मी विषय बदलला. पण रात्री झोप लागली नाही. तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो आहे. वाचेल ती कधीतरी. मंडळी, तुम्हीही वाचा.

आधी ही भानगड काय ती सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला समोर बसवून मी ती समजून घेतली. शिक्षकाची खोड, स्वतःच्या शब्दांत सांगता आल्याशिवाय कळलं असं वाटत नाही.

आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यांतलं एखादं ठरावीक प्रथिन या नमुन्यात आहे का, हा प्रश्न. ते डोळ्यांना दिसत नाही. मग त्याला ओळखणारा कुणीतरी हवा. तो ओळखणारा म्हणजे प्रतिपिंड, इंग्रजीत अँटिबॉडी. आपल्या रक्तात हे असतातच. बाहेरचं काही शरीरात शिरलं की त्याला नेमकं पकडणारे प्रतिपिंड तयार होतात. सर्पदंशावरची लस आपल्या हाफकिनमध्ये घोड्यांपासून तयार करतात, त्यामागेही हेच. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तात जे प्रतिपिंड तयार होतात ते माणसाच्या कामी आणायचे. प्रयोगशाळेसाठी हेच काम ससे, उंदीर, बकऱ्या यांच्याकडून करून घेतात.

आता कृती. मी ती शाळेच्या भाषेत लावून घेतली. सगळी पोरं मैदानात गोंधळ घालत आहेत. त्यांत एक विशिष्ट मुलगा आहे का ते पाहायचं आहे. आधी सगळ्यांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करायचं. प्रयोगशाळेत यासाठी साबणाच्या जातीचं एक रसायन वापरतात. त्याने गुंडाळी झालेली प्रथिनं उलगडून सरळ होतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार येतो. मग जेलीसारख्या एका पातळ वडीत ती घालून वीज सोडतात. सगळी धन टोकाकडे धावतात. लहान प्रथिनं जेलीच्या भोकांतून सुळकन पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. झाली रांग.

मग ही रांग जशीच्या तशी एका कागदासारख्या पडद्यावर उतरवून घेतात. 'ब्लॉट' शब्द इथला. आपल्या लहानपणी दौत-टाक होता तेव्हा टीपकागद असायचा ना? ओल्या अक्षरांवर दाबला की अक्षरं त्यावर उमटायची. तसंच, फक्त इथे दाब विजेचा. पुढची पायरी ऐकून मला मौज वाटली. त्या पडद्याची रिकामी जागा प्रतिपिंडांना उगाच चिकटू नये म्हणून तो दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवून ठेवतात. साधी, साय काढलेल्या दुधाची पावडर! मग ओळखणारा प्रतिपिंड सोडायचा. तो आपला मुलगा सापडला की त्याचा हात धरतो, नाही सापडला तर धुताना निघून जातो. शेवटी त्या प्रतिपिंडालाही धरणारा दुसरा प्रतिपिंड. त्याच्यासोबत एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेलं असतं. ते रंग आणतं किंवा उजेड देतं. तिथे रेघ उमटते.

नावाचीही गंमत आहे. १९७५ मध्ये एडविन सदर्न नावाच्या शास्त्रज्ञाने डीएनएसाठी अशी पद्धत काढली. तिला त्याच्या आडनावावरून 'सदर्न ब्लॉट' म्हणू लागले. पुढे आरएनएसाठीच्या पद्धतीला कुणी थट्टेने 'नॉर्दर्न' म्हटलं. प्रथिनांची पद्धत १९७९ मध्ये आली आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएटलला काम करणाऱ्या बर्नेट यांनी तिला 'वेस्टर्न' म्हटलं. म्हणजे एका माणसाच्या आडनावातून दिशा निघाल्या.

असो. आता माझी गोष्ट.

१९९६ साल. मला हर्नियाचा त्रास सुरू झाला होता. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन उरकून घ्यावं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेलो. त्या काळी ऑपरेशनआधी रक्त काढत आणि कशाकशासाठी तपासतात ते सांगायची पद्धत नव्हती. दोन दिवसांनी डॉक्टरांनी एकट्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "सर, एचआयव्हीची एलायझा पॉझिटिव्ह दिसते आहे. ऑपरेशन पुढे ढकलू. रक्त वेस्टर्न ब्लॉटसाठी बाहेरगावी पाठवावं लागेल."

मी काय ऐकलं आणि काय नाही, देव जाणे. गंगापूर रोडने चालत घरी आलो, सायकल दवाखान्यातच राहिली होती.

एलायझा म्हणजे काय ते तेव्हा कुणी समजावलं नाही, आता कळलं. १९७१ मध्ये निघालेली ही चाचणी. वाटीसारख्या छोट्या खळग्यांत विषाणूची प्रथिनं चिकटवून ठेवलेली असतात. त्यांवर आपलं रक्तद्रव सोडायचं. त्यात विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर ते चिकटतात आणि रंग येतो. स्वस्त, झटपट, एका वेळी खूप नमुने. पण सगळी प्रथिनं एकत्र असल्याने कोण कुणाला चिकटलं ते कळत नाही. भलताच प्रतिपिंड भलत्याला चिकटला तरी रंग येतो. धरून चाला, हजार माणसांत दोघांना खरोखर आजार आहे आणि चाचणी शंभरात एकदा चुकीचा रंग दाखवते. मग त्या दोघांबरोबर दहा निरोगी माणसंही पकडली जातील. म्हणून दुसरी चाचणी. त्यात विषाणूची प्रथिनं उंचीप्रमाणे रांगेत लावलेली पट्टी असते. त्यावर आपलं रक्तद्रव घातलं की खरा संसर्ग असेल तर एक नव्हे, अनेक ठरावीक ठिकाणी रेघा उमटतात. एलायझा म्हणजे मैदानातून आलेला कालवा आणि वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नाव घेऊन हजेरी.

आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तोही याच दोन पायऱ्यांनी. चेन्नईच्या (तेव्हाच्या मद्रासच्या) वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सॉलोमन सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. माहेरच्या त्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि घरच्या फ्रिजमध्ये जपून ठेवले. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची एलायझा झाली. सहा नमुन्यांना रंग आला. पण नुसत्या रंगावर त्या थांबल्या नाहीत. नमुने अमेरिकेत गेले, तिथे वेस्टर्न ब्लॉट झाला, मग जाहीर केलं. पुढे सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये आपल्या माहेरच्या नावाने संस्था काढली आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत या रुग्णांसाठी काम केलं. लोक हात लावायला घाबरत होते त्या काळात.

मी मात्र हात लावायला घाबरणाऱ्यांतला होतो.

हे सांगण्यासाठीच इतकं लांबण लावलं. माझ्या तपासणीच्या आदल्या वर्षी आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. सातपूरला राहायचा. वडील ट्रक ड्रायव्हर, आग्रा रोडवर गाडी. ते बरेच दिवस आजारी होते, मग गेले. कशाने गेले याची कुजबुज सुरू झाली. चार पालक मला भेटायला आले. "सर, आमच्या मुलांच्या जवळ त्याला नको." मी वर्गशिक्षक. मी त्यांना बसायला सांगितलं, चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. "खिडकीजवळ वारा चांगला येतो," असं म्हणालो त्याला. त्याने दप्तर उचललं आणि गेला. काही बोलला नाही. दुसऱ्या सत्रानंतर तो शाळेत आलाच नाही.

कुणाचं रक्त तपासलं नव्हतं. आणि तपासलं असतं, अगदी होकारार्थी निघालं असतं, तरी बाकावरून, वहीवरून, डबा वाटून खाण्यावरून काही होत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. सरकारी भित्तिपत्रक शाळेच्या व्हरांड्यात लावलेलं होतं. लावलं होतं मीच.

तर माझा अहवाल यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी हिला काही सांगितलं नाही. माझा पेला वेगळा ठेवला, दाढीचं सामान कपाटात वर लपवलं, लेकीला जवळ घ्यायचं बंद केलं. वर्गात शेवटच्या बाकाकडे बघवत नसे. माणूस स्वतःला कसा वाळीत टाकतो ते तेव्हा शिकलो.

अहवाल आला तो 'अनिर्णित'. पट्टीवर एकच पुसट रेघ होती, पी-२४ नावाच्या प्रथिनाच्या जागी. बाकी जागा कोऱ्या. डॉक्टर म्हणाले, "एका रेघेवर हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. संसर्ग नुकताच झाला असेल तर पुढे रेघा वाढतील. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

तो कागद मी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि विसरलो. हिने कपडे धुवायला टाकताना खिसा तपासला. इंग्रजी अहवाल, पण एचआयव्ही ही अक्षरं वाचायला काय लागतं? मी शाळेतून आलो तेव्हा कागद टेबलावर वजनाखाली नीट ठेवलेला होता. मी सांगायला लागलो. ती म्हणाली, "तीन आठवडे एकट्यानेच?" कसं झालं, कुठून झालं, हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही. रात्री मांडणीवर पाहिलं तर माझा वेगळा पेला बाकीच्या पेल्यांत मिसळलेला होता. कुठला माझा ते मलाही ओळखता येईना.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तीच एक पुसट रेघ. वाढली नाही, नवी आली नाही, गेलीही नाही. आणखी तीन महिन्यांनी तेच. मग डॉक्टर म्हणाले, "हा आजार नाही. असता तर आतापर्यंत रांग भरली असती. तुमच्या रक्तातला दुसराच कुठला प्रतिपिंड त्या प्रथिनाला चिकटतो आहे." ऑपरेशन झालं. अलीकडे मोतीबिंदूच्या वेळी पुन्हा तपासणी झाली, यावेळी मला रीतसर विचारून. स्वच्छ आली.

सुटका झाल्यावर पहिल्या रविवारी मी सातपूरला गेलो. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आई पोराला घेऊन गावी गेली. कुठल्या गावी, तिला माहीत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावरून शोधता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे, भेटला असता तर काय बोलायचं ते सुचलं नव्हतं.

आता काळ बदलला आहे. एचआयव्हीच्या नेहमीच्या निदानाला आता वेस्टर्न ब्लॉट लागत नाही, वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन चाचण्या करतात. २००४ पासून सरकार औषधं मोफत देतं आणि ती नियमित घेणारा माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. २०१७ चा कायदा २०१८ मध्ये लागू झाला, त्याने न विचारता तपासणी करायला आणि शाळेत भेदभाव करायला बंदी केली. करोनात तर २०२१ मध्ये पुण्यातल्या कंपनीची घरच्या घरी तपासणीची पट्टी औषधांच्या दुकानात मिळू लागली. विषाणूचं प्रथिन पकडणारे प्रतिपिंड पट्टीवरच. एक रेघ की दोन, हे घराघरांत कळू लागलं. आणि त्याच करोनात लोकांनी शेजाऱ्यांची दारं पत्रे ठोकून बंद केली, तेही आपण पाहिलं.

प्रयोगशाळेतल्या पोरी एका रेघेवर विश्वास ठेवत नाहीत. पुन्हा धुतात, पुन्हा पाहतात, शेजारी माहितीतला नमुना लावून ताडून घेतात. माझ्या नातीने मला हे सांगितलं तेव्हा ती सहज बोलून गेली, "आजोबा, कंट्रोल लावल्याशिवाय काही बोलायचंच नाही, मॅडम ओरडतात." मी पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो, पण मला ओरडणारं कुणी नव्हतं. चार पालकांच्या कुजबुजीवर मी एका मुलाची जागा बदलली.

तो मुलगा आता चाळिशीच्या पुढे असेल. कुठे असेल तिथे त्याची मुलं शाळेत जात असतील. ती वर्गात कुठल्या बाकावर बसतात, एवढंच विचारावंसं वाटतं.

नात काल परत गेली. जाताना म्हणाली, "आजोबा, तुम्हाला वेस्टर्न ब्लॉट कसा माहीत, ते सांगितलंच नाहीत." मी म्हणालो, "लिहून ठेवतो."